खटक्यावरचं बोट

मास्टरांना 'विमान पडलं' असं म्हटलेलं चालत नसे. विमान पडत नाही, विमान 'भुईसी येतं', असं ते म्हणायचे. कुणाचं विमान नाकावर आपटून त्याच्या काटक्या झाल्या, इंजिन मातीत रुतलं, एक पंख शेजारच्या शेतात सापडला, तरी मास्टर तिथे जाऊन उभे राहायचे आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "भुईसी आलं." नवख्या माणसाला वाटे, काय सोज्वळ बोलणं आहे. मलाही वाटलं होतं. ज्या माणसाला पडणं हा शब्दसुद्धा सोसत नाही त्याच्याकडे काही शिकायला जाऊ नये, एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती.

दोन हजार साल उलटून थोडेच दिवस झाले होते. कंपनीने मला मिरजेहून उचलून चेन्नईला टाकलं. पहिले काही महिने मी तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये काढले. मॅन्शन म्हणजे नावच मोठं. एका खोलीत चार खाटा, चार सडेफटिंग आणि दोरीवर सगळ्यांचे मिळून वाळणारे बनियन. त्या खोलीला कंटाळलो होतो तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, अड्यारला एक तंजावरकडचे म्हातारे राव आहेत, वरचा मजला भाड्याने द्यायचाय, आणि ते तुमचीच भाषा बोलतात. गेलो. दारात पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलेला एक उंच, वाळका माणूस उभा होता. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "बैस." मी उभाच राहिलो. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकातल्या बखरीबाहेर कधी ऐकला नव्हता.

त्यांना सगळे मास्टरच म्हणायचे. ते शाळामास्तर नव्हते. सरकारी कारखान्यात मोजमापं तपासण्याचं काम करून निवृत्त झाले होते. मास्टर हे नाव त्यांना रेडिओवर चालणाऱ्या विमानांच्या क्लबाने दिलं होतं. क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तेच शिकवत. दुसऱ्या कुणी शिकवलेलं त्यांना खपत नसे.

घरमालक म्हणून त्यांच्याविषयी तक्रार करायला जागा नव्हती, कारण त्यांनी कशाला जागाच ठेवली नव्हती. पाण्याच्या मोटरचं बटण त्यांच्या खोलीत, कुलपाच्या पेटीत. माझी टाकी कधी भरायची ते तेच ठरवणार. माझी स्कूटर मी लावली की ते खाली येऊन ती पुन्हा लावायचे, वीतभर इकडे नाहीतर वीतभर तिकडे. घरात कॉफी तेच करत. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून आजवर त्यांनी फिल्टरला हात लावलेला नव्हता, असं मामीच मला सांगायच्या. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक असे की दुसरं काही, ते मला कधी उमगलं नाही. ज्या इस्त्रीने ते विमानाच्या पंखांवर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवत त्याच इस्त्रीने शर्टही करत, त्यामुळे त्यांच्या पाठीवर अधूनमधून पिवळा किंवा तांबडा डाग दिसे. तो डाग तेवढा त्यांच्या ताब्याबाहेरचा.

त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. त्याला सायकल शिकवताना मास्टरांनी मागचं कॅरिअर धरलं ते तो मोठ्या इयत्तांत गेला तरी सोडलं नाही, अशी गोष्ट त्या गल्लीत सांगत. पुढे पोरगा, मागे धोतर खोचलेले मास्टर, अशी वरात रोज संध्याकाळी समुद्रापर्यंत जायची म्हणे. पोरगा शिकला आणि जिथे कॅरिअर धरायला कुणी येऊ शकणार नाही इतक्या लांब निघून गेला. त्याचा फोन आला की मास्टर आतल्या खोलीतला दुसरा रिसीव्हर उचलून ऐकत बसत आणि मामी 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, म्हणत अडखळल्या की त्यांचं वाक्य पुरं करत.

एका रविवारी पहाटे त्यांनी मला विचारलं, विमानं बघायला येतोस का. तांबरमच्या पुढे एक मोठी एरी आहे, म्हणजे तलाव. पाऊस संपला की महिन्याभरात ती आटायला लागते आणि मग तिचा तळ सपाट, टणक मैदान होतो. एका बाजूला ताडाची झाडं, दुसऱ्या बाजूला सुरूचं बन. समुद्रावरचा वारा सुटायच्या आत, सकाळच्या वेळात, तिथे क्लबाची माणसं जमत. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी बँकेतला, कुणी स्पेअर पार्टचा दुकानदार. गाड्यांच्या डिक्कीतून पंख निघत, धडं निघत, रबराने एकमेकांना बांधली जात. इंधनातल्या जळलेल्या एरंडेलाचा वास सुटे. मग ते इवलंसं इंजिन किंचाळायला लागे आणि माणसाच्या हातातल्या दोन दांड्यांच्या डब्याच्या हुकमावर एक विमान आकाशात जाई. मी बघत राहिलो. त्या दिवसापासून माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

मला त्याचं एवढं वेड का लागलं हे सांगायला हवं. आमचे आबा मिरजेला लेथवर काम करायचे. हात सोन्याचा. आणि असल्या माणसाच्या पोटी मी, ज्याच्या हातून खिळा सरळ जात नसे. लहानपणी मी काहीही करायला घेतलं की आबा थोडा वेळ बघायचे, मग हात पुढे करून म्हणायचे, "दे इकडे." रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर मी भांडलो असतो. माझ्या हातातून वस्तू काढून घेऊन ते ती झटक्यात दुरुस्त करत आणि परत देत. त्या वस्तूंकडे बघायचीही मला नंतर इच्छा होत नसे. तिशी गाठली तरी माझ्या दोन हातांनी केलेली, आबांना दाखवावी अशी एकही गोष्ट जगात नव्हती. त्या एरीच्या तळावर मला वाटलं, ही होईल.

आता शिकवण्याची रीत सांगतो, कारण सगळं रामायण त्यातच आहे. शिकणाऱ्याच्या हातात एक डबा, मास्टरांच्या हातात एक, आणि मध्ये काळी वायर. विमान ऐकतं ते मास्टरांच्या डब्याचं. पण मास्टरांच्या डब्याच्या खांद्यावर एक खटका असतो. तो बोटाने ओढून धरला, की विमान शिकणाऱ्याचं. बोट सोडलं, की पुन्हा मास्टरांचं. खटक्याला स्प्रिंग असते. तो एकदा लावून ठेवता येत नाही, सगळा वेळ धरून ठेवावा लागतो. म्हणजे दुसऱ्याला विमान देणं हे काही एकदाच देऊन मोकळं व्हायचं काम नाही.

मास्टर माझ्या डाव्या खांद्याच्या किंचित मागे उभे राहत. मला दिसे फक्त आकाश आणि त्यातलं विमान. त्यांचा आवाज कानाशी येई, हळू, एकसारखा. डावीकडे. थोडं वर. उगी राहा. मी अंगठे हलवी आणि मास्टरांचं ते निळं विमान वळे, चढे, उतरे. पहिल्याच खेपेला ते सुरूच्या झाडांकडे सुसाटत खाली गेलं होतं आणि मास्टरांनी ते कसंबसं वाचवलं. त्यानंतर मात्र माझी प्रगती बघून मीच थक्क झालो. महिनाभरात मी आठचा आकडा काढू लागलो. पुढे उतरवूही लागलो. प्रत्येक वेळी विमान गवतावर टेकलं की मी वळून बघे आणि मास्टर म्हणत, "तूच उडविलास की रे." एवढंच. 'बेस उडविलास' असं ते फारच थोड्यांना म्हणाले होते, आणि ज्यांना म्हणाले ते लोक ती गोष्ट अजून सांगत. मी त्या शब्दांची वाट बघत होतो. नाक धरून मुहूर्ताची वाट बघावी तशी.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी स्वतःचं विमान बांधायला घेतलं. बाल्साच्या पट्ट्या, सुरी, डिंक. वर्ष गेलं. मास्टर वर येऊन बघून जात, पण हात लावत नसत, हे मला विशेष वाटे. पिवळ्या रंगाचं, रुंद पंखांचं ते विमान पुरं झालं तेव्हा मी ते उशाशी घेऊन झोपलो, असं मामी लोकांना सांगत. ते खोटं नव्हतं.

पोंगल झाला की क्लबाचा फ्लाइंग डे असे. मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, केळीच्या पानातल्या इडल्या, घरच्या मंडळींना बोलावणं. त्या वर्षी क्लबाच्या सेक्रेटरीने जाहीर केलं, की शिकाऊ मंडळींनीही वायरीशिवाय, एकट्याने उडवून दाखवायचं. मास्टरांनी कमिटीत विरोध केला. मुलं अजून तयार नाहीत म्हणाले. कमिटीने ऐकलं नाही. वर्षानुवर्षं तुम्ही कुणाला तयारच म्हणत नाही, असं सेक्रेटरी त्यांना तोंडावर बोलला. मला मास्टरांचा राग आला. उतरवतोसुद्धा मी, अजून काय तयार व्हायचं? मी मिरजेला फोन करून आबांना बोलावून घेतलं. आबा गाडीत दोन रात्री काढून आले.

त्या दिवशी सकाळी, माझा नंबर यायच्या आधी, मास्टर माझ्याजवळ आले. माझ्या विमानाचे पंख हलवून बघितले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. ओठ हलले. मग म्हणाले, आज वारा लवकर सुटणार, राहू दे. मी म्हटलं, वारा कुठेय? ते मांडवात जाऊन बसले. ती त्यांची शेवटची संधी होती आणि ती त्यांनी वाऱ्याच्या नावावर खपवली.

विमान जमिनीवरून धावायला लागलं आणि डावीकडे ओढलं गेलं. निळं विमान असं कधी करत नसे. मी अंगठा हलवला, नेहमी हलवायचो तेवढाच, आणि विमान दुसऱ्या अंगाला उलथं व्हायला निघालं. वर गेलं ते चक्क उभं. मी दांडी ओढली. वर्षभर ज्या हालचालींनी निळं विमान चतकोर वळत होतं त्याच हालचालींनी हे आता पिसाळल्यासारखं करत होतं. मला आठवतं, मी मनात म्हणत होतो, रेडिओ बिघडलाय. मग ते सुरूच्या बनामागे गेलं, आवाज थांबला, आणि मांडवातून एकच मोठा उसासा आला. लाउडस्पीकरवर कुणीतरी म्हणालं, काही हरकत नाही, पुढचे कोण.

रेडिओ बिघडला नव्हता. बनाकडे जाताना दातांचा डॉक्टर माझ्याबरोबर आला. भला माणूस होता. त्याने इंग्रजीत विचारलं, तू दुसऱ्या कुणाकडे शिकत नव्हतास का? मी म्हटलं, मास्टरांकडे शिकलो की. तो थांबला. त्याला वाटलं होतं मला ठाऊक असेल. मास्टर खटका ओढतच नाहीत, तो म्हणाला. पहिल्या दिवशी एकदा ओढतात, मग कधीच नाही. मागे उभे राहून शिकणाऱ्याचे अंगठे बघतात आणि तसंच, पण नीट, स्वतः उडवतात. आम्ही सगळे पुढे कुणा ना कुणाकडे गुपचूप शिकलो. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोलत नाही.

म्हणजे वर्षभर मी एक मेलेला डबा हातात घेऊन उभा होतो. माझ्या चुका ते शुद्ध करून आकाशात लिहीत होते आणि खाली सही माझी. आणि हे त्या मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, इडल्या खाणाऱ्या बायकांनाही बहुधा. सगळ्यांनी एका म्हाताऱ्याचं मन जपलं. माझं मन तिथे मोजणीत नव्हतं.

बनात आबा माझ्याआधी पोचले होते. पिवळे तुकडे गोळा करत होते. माझ्या हातात मोडका पंख होता. तो कसा धरावा हेसुद्धा मला कळत नव्हतं, तेव्हा आबांनी हात पुढे केला. "दे इकडे," म्हणाले.  पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. माझ्या हाताने उडालेलं विमान त्यांनी पाहिलं नाही ते नाहीच.

मास्टरांना मी जिन्यात गाठलं. मी ओरडेन अशी त्यांची तयारी असावी, कारण मी हळू बोललो तर ते गोंधळले. खटका कधी ओढला होतात का, एवढंच मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती, हे यातलं सगळ्यांत विचित्र. त्यांच्या लेखी त्यांनी खोटं काही केलंच नव्हतं.

"विमान मोडलें तर तूंच रडतास," ते म्हणाले. "मी विमान राखिलों. तुझें मनही राखिलों."

"मला मोडू द्यायचं होतं," मी म्हटलं.

हे त्यांना समजलं नाही. खरंच समजलं नाही. मी काहीतरी परक्या भाषेत बोललो असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन माझी टाकी भरायला मोटर चालू केली.

मी घर सोडलं नाही. का, ते विचारू नका. अड्यारला वरचा मजला सहज मिळत नाही, हे एक, आणि रोज समोर दिसणाऱ्या माणसावर राग धरण्यात एक सोय असते, हे दुसरं. डॉक्टरकडे मी पहिल्यापासून शिकलो. तो खटका ओढून धरायचा आणि इडली खात गप्पा मारायचा. मी विमानं मोडली, पंखे मोडले, एकदा ताडात अडकवलं, एकदा एका म्हशीच्या पुढ्यात उतरवलं. शिकलो. चांगला शिकलो, क्लबात नाव झालं. मास्टर मांडवातून बघत. 'बेस' त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी आलं नाही. त्यांच्या मते मी त्यांच्याकडे शिकलो नव्हतो, त्यामुळे शिकलोच नव्हतो.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होई. तोंडाकडे बघून बोलायचं तर ते कानाकडे बघत. कमिटीने मोठ्या आदराने ठराव करून त्यांना उडवायची बंदी केली. तरीही ते दर रविवारी येत आणि खुर्चीत बसून आवाजावरून सांगत, कुणाच्या इंजिनात तेल जास्त झालंय. घरातली कॉफी मात्र अजून तेच करत. उतू जाई, मामी पुसून घेत.

असा एक फ्लाइंग डे जवळ आला असताना मामी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत; गुडघे दुखत. खुर्चीवर बसल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, त्यांना एकदा उडवायचंय, त्यांचं ते निळं विमान. दिवसभर तेवढंच बोलतात. कमिटी म्हणते वायर लावून चालेल. मास्टरांच्या डब्यासी तू उभा राहा.

मी म्हटलं, मीच का?

"तुझ्याच नांवाने सांगितले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता पुढचं बोलल्या. "एक वेळ त्यांच्या हातीं दे रे. खरें नसलें तरी चालतें."

हेच मला क्लबातही सगळ्यांनी सांगितलं. सेक्रेटरी म्हणाला, खटका ओढू नकोस, आपणच उडव, म्हाताऱ्याला काय दिसतंय. डॉक्टरसुद्धा हसून म्हणाला, त्यांचंच औषध त्यांना. सगळ्यांना ती मोठी गोड कल्पना वाटत होती. मला मात्र किळस आली. मी त्यांच्यावर दया म्हणून नव्हे, माझ्या रागाला जागून ठरवलं, की मी हे करणार नाही. खटका ओढेन आणि धरून ठेवेन. विमान भुईसी आलं तर येऊ दे. देणं म्हणजे काय ते या माणसाला एकदा कळलं पाहिजे.

सकाळी ऊन कोवळं होतं, वारा नव्हता. मास्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांच्या हातात शिकाऊचा डबा दिला. त्यांनी बोटांनी वायर चाचपली, माझ्या डब्यापर्यंत, आणि मान हलवली. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिलो. विमान जमिनीवर असतानाच मी खटका ओढला. त्यांना तसं सांगितलं. 

विमान धावलं आणि डावीकडे ओढलं जायच्या आतच त्यांच्या अंगठ्याने ते सरळ केलं. मला ती हालचाल दिसली, एका केसाएवढी. निळं विमान सुरूच्या वर गेलं. मास्टर त्याच्याकडे बघत नव्हते. तोंड ताडांकडे वळवून, डोळ्यांच्या कडेने ते त्याला पकडत होते, आणि कान आकाशाला लावलेला. त्यांनी वळण घेतलं, मग दुसरं, मग सबंध मैदानावरून एक आठ काढला, इतका गोल की मांडवातलं बोलणं थांबलं. मी आजवर तसं उडवलेलं पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझं बोट दुखायला लागलं. दोनदा विमान बनाच्या फार जवळ गेलं आणि बोट आपसूक सैल व्हायला निघालं. दात खाऊन मी ते आवळलं. उतरताना ते थोडं पुढे गेलं, गवतात शिरलं, डुललं आणि उभं राहिलं. अख्खं.

लोक उठून टाळ्या वाजवत होते. मास्टरांनी डबा पोटाशी धरला, दुसरा हात पसरून माझा खांदा शोधला, आणि त्यावर ठेवला.

"बेस उडविलास," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते कुणाला म्हणतायत. मग म्हटलं, "मास्टर, मी नाही. तुम्ही उडवलंत. मी खटका सोडलाच नाही."

ते हसले. उपहासाने नाही, जाणत्या माणसाने हसावं तसं. "मज सांगतोस?"

मी शपथ घेतली. आबांची घेतली. डॉक्टर पुढे आला, सेक्रेटरी आला, सगळे एका सुरात म्हणाले, मास्टर, तुम्हीच उडवलंत. त्या लोकांना स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं. ते आपले ठरल्याप्रमाणे बोलत होते. आणि तेच शब्द, तोच आवाज, मास्टरांनी स्वतः किती जणांना किती वर्षं ऐकवला होता. तूच उडविलास की रे. प्रत्येकाच्या बोलण्यागणिक त्यांची खात्री पक्की होत गेली. विमान आपल्या अंगठ्याचं ऐकतंय हे बघायला लागतात ते डोळे त्यांच्याकडे नव्हते. एकदा जरी मुद्दाम चूक केली असती तर कळलं असतं. पण चूक करणं त्यांना येत नव्हतं. आणि जो खटका त्यांनी जन्मात कुणासाठी धरला नाही तो दुसरा कुणी आपल्यासाठी धरेल, हे त्यांना सुचणार तरी कुठून?

त्यांनी वायर उपसली, नेहमीसारखी चार बोटांवर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. ठेव, म्हणाले, आता तू मास्टर. मला ती त्यांच्या तोंडावर फेकावीशी वाटली. मी खिशात घातली. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत.

उन्हाळ्यात मास्टर गेले. अमेरिकेहून मुलगा आला, दिवसकार्य करून परत गेला. नंतर एका संध्याकाळी मामींनी मला खाली बोलावलं. त्यांनी स्वतः कॉफी केली होती. टवाळीची वेळ नव्हती, पण सांगायला हवं, कॉफी बेचव होती. इतक्या वर्षांत त्यांना कुणी करूच दिली नव्हती. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"त्या दिवशीं घरीं येऊन तुझेंच बोलिले," त्या म्हणाल्या. "पोरानं माझें मन राखिलें, म्हणून. दोन वेळ सांगितले."

मी पेला खाली ठेवला. म्हटलं, मामी, तुम्ही तरी ऐका. त्या दिवशी त्यांनीच उडवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी फक्त खटका धरला होता.

मामींनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं.

"सरी, सरी," म्हणाल्या. "कॉफी घे. निवते."